दोन धरणांच्या मधले लेचवे: काफुए पूरमैदानाचा प्रकरण अभ्यास

झांबियातली काफुए नदी इतेझी-तेझीच्या खिंडीतून बाहेर पडते आणि एका विलक्षण सपाट मैदानात पसरते. तिथून पूर्वेला काफुए गॉर्ज या घळीपर्यंतचे सरळ अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे आणि एवढ्या अंतरात जमीन जेमतेम १० मीटर उतरते, म्हणजे किलोमीटरला चार सेंटिमीटर. नदी वळणे घेत, तळी भरत, काठ ओलांडत जाते. पावसाळ्यात वरच्या टोकाला आलेला लोंढा खालच्या टोकाला पोचायला दीड-दोन महिने लागतात. सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटरचे हे पूरमैदान ‘काफुए फ्लॅट्स’ म्हणून ओळखले जाते. काफुए लेचवे हे पाणथळीतले कुरंग जगात फक्त इथेच आढळते.

इथे १९७० च्या दशकात दोन धरणे झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत लेचवेंची संख्या एक तृतीयांशाच्याही खाली गेली. कारण म्हणून सहसा शिकारीचे नाव घेतले जाते. शिकार होते, भरपूर होते. पण या प्रकरणाचा गाभा शिकार नाही, पाण्याचे वेळापत्रक आहे. बाकीची बहुतेक संकटे त्या बिघडलेल्या वेळापत्रकामुळे आली किंवा त्यामुळे जास्त बोचू लागली.

प्राणी आणि त्याचे वर्ष

लेचवे हरणासारखा दिसला तरी तो कुरंग आहे. त्याची शिंगे झडत नाहीत आणि ती फक्त नरालाच असतात. काफुए जातीच्या नराची शिंगे सगळ्या लेचवेंमध्ये सर्वांत लांब, मागे झुकून पुन्हा वर वळणारी. प्रौढ नराच्या पुढच्या पायांवरचा काळा पट्टा थेट खांद्यापर्यंत चढतो. लांबून नर ओळखायची हीच खूण.

पाण्यात राहण्याची त्याची तयारी पायांत दिसते. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, त्यामुळे पुठ्ठा उंच आणि मान खाली. खूर लांबट आणि फाकणारे. खुरामागचा भाग केसाळ नसून चामड्यासारखा उघडा. अशा पायांनी तो चिखलात रुतत नाही आणि गुडघाभर पाण्यात मोठ्या उड्या घेत कुत्र्यांना मागे टाकतो. कडक कोरड्या जमिनीवर मात्र त्याची चाल अवघडते. जुन्या काळी शिकारी कळपाला पाण्यापासून तोडून कोरड्यावर हाकत, ते याचसाठी.

सिटाटुंगा हे पाणथळीतले दुसरे आफ्रिकी कुरंग पपायरसच्या दाट लव्हाळ्यात, खोल दलदलीत राहते. लेचवेला ते जमत नाही. त्याला उथळ पाणी लागते. घोट्यापासून पोटापर्यंत बुडेल एवढ्या पाण्यात उभा राहून तो वर आलेले गवत खातो. रानटी भात (आपल्याकडच्या देवभाताचा आफ्रिकी भाऊबंद), व्हॉसिया, एकिनोक्लोआ, पॅनिकम या गवतांवर त्याचे पोट भरते. अतिखोल पाण्यात गवत तोंडाला येत नाही, अतिकोरड्यावर ते निबर होते. म्हणून तो पाणी आणि जमीन यांच्या मधल्या कडेवर जगतो आणि वर्षभर या कडेबरोबर पुढे-मागे सरकत राहतो.

उजनीच्या फुगवट्यात ज्यांनी गाळपेर केली आहे, त्यांना ही कड समजावून सांगावी लागणार नाही. पाणी ओसरत जाते तशी रोज नवी ओली पट्टी उघडी पडते आणि काही दिवसांत तिथे कोवळे हिरवे उगवते. काफुएवर हा चारा निसर्गच पेरत होता, तोही हजारो चौरस किलोमीटरवर.

या चक्राला लेचवेचे प्रजनन बांधलेले आहे. मिलनाचा भर डिसेंबर-जानेवारीत, पाणी चढू लागते तेव्हा. पाण्याच्या कडेजवळच्या किंचित उंच भागावर पन्नास ते शंभर नर सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या रिंगणात जमतात. प्रत्येकाची छोटी हद्द असते आणि मधल्या हद्दींसाठी शिंगाला शिंग भिडते. माद्या रिंगणात येऊन बहुधा मधल्याच नरांशी मिलन करतात. खुरवाल्या प्राण्यांत ही पद्धत दुर्मीळ आहे. गुजरातमधल्या वेळावदरच्या काळविटांतही ती दिसते. गर्भकाळ साडेसात महिन्यांच्या आसपास, म्हणजे पिल्ले जुलै ते सप्टेंबरमध्ये येतात. मादीला एकच पिल्लू होते आणि पहिले दोन-तीन आठवडे ते उंच गवतात दडून बसते. तेव्हा पाऊस नसतो, आजूबाजूचा माळ करपलेला असतो, पण पूर ओसरत असल्यामुळे पाजणाऱ्या मादीला ताजे गवत मिळते. डिसेंबरमधल्या मिलनाचे गणित ऑगस्टमधल्या गवतावर बसवलेले आहे. पाण्याची वेळ चुकली की हे गणित कुठे कोलमडते, ते यावरून लक्षात यावे.

धरणांनी काय बदलले

काफुए गॉर्ज हे खालचे धरण १९७१-७२ मध्ये झाले. वीजनिर्मिती सुरुवातीला ६०० मेगावॉट, नंतर वाढवत ९९० मेगावॉटपर्यंत. पण जमीन इतकी सपाट असल्यामुळे तिथे मोठा साठा करता येत नव्हता. पाणी थोडे अडवले तरी फुगवटा दूरवर मैदानात घुसे. म्हणून साठ्यासाठी वरच्या तोंडावर, इतेझी-तेझीला, दुसरे धरण १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांधले गेले. वरचे धरण पावसाळ्याचे पाणी धरते आणि वर्षभर थोडे थोडे सोडते, खालचे त्यावर वीज करते. या दोघांच्या मधला पाण्याचा रस्ता म्हणजे लेचवेचे घर.

याचे दोन परिणाम झाले आणि ते परस्परविरुद्ध दिशेचे आहेत. पूर्वेकडे फुगवट्यामुळे हजारहून अधिक चौरस किलोमीटर जमीन बारमाही पाण्याखाली गेली. तिथे ओसरणेच नाही, म्हणून कडही नाही. पश्चिमेकडे आणि मध्यभागी पावसाळ्यातला पुराचा कळस खाली आला आणि उन्हाळ्यातला प्रवाह वाढला. काही भाग कायमचा ओला, काही भाग कायमचा कोरडा, आणि मधली हलणारी पट्टी आक्रसलेली. एकूण ओल्या क्षेत्राची सरासरी काढली तर फार बदल दिसणारही नाही. सरासरी इथे फसवते.

उन्हाळी विसर्गाचा त्रास विशेष लक्षात घ्यावा. वीज वर्षभर लागते आणि पाण्याला मैदान ओलांडायला आठवडे लागतात, त्यामुळे धरणचालक खालची गरज ओळखून आधीच पाणी सोडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असे पाणी चढले तर नुकते उघडे पडलेले कोवळे गवत पुन्हा बुडते, आणि पिल्ले दडलेली असतात तीही हीच पट्टी. एवढ्या सपाटीवर पाणी वीतभर चढले तरी कड खूप लांब सरकते.

इतेझी-तेझीच्या आराखड्यात हा धोका धरलेला होता. दरवर्षी मार्चमध्ये चार आठवडे सेकंदाला ३०० घनमीटर पाणी सोडून पुराची नक्कल करायची आणि त्यासाठी धरणात वेगळा साठा ठेवायचा, अशी तरतूद होती. आपल्या भाषेत सुमारे १०,६०० क्युसेक. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण चांगल्या पावसाच्या वर्षी याच नदीचा नैसर्गिक पूर याच्या कितीतरी पट असे. शिवाय एका महिन्याच्या एकाच ठोकळ्याने पूर होत नाही. पुराला चढ लागतो, कळस लागतो आणि सावकाश उतार लागतो. लेचवेच्या दृष्टीने उतार सर्वांत महत्त्वाचा, आणि तरतुदीत नेमका तोच नव्हता. २००४ मध्ये सरकार, वीज कंपनी झेस्को आणि निसर्गसंवर्धन संस्था डब्ल्यूडब्ल्यूएफ यांनी विसर्गाचे नियम नैसर्गिक प्रवाहाच्या जवळ आणण्याचे ठरवले. दिशा बरोबर होती. पण त्यानंतर पाण्यावरचे हक्कदार वाढत गेले. इतेझी-तेझीच्या पायथ्याशी २०१६ मध्ये १२० मेगावॉटचे वीजघर आले, गॉर्जच्या खाली ७५० मेगावॉटचा नवा प्रकल्प आला. मझाबुकाजवळचा नकाम्बालाचा प्रचंड ऊसमळा याच नदीवर भिजतो आणि लुसाका शहरही हिचेच पाणी पिते. धरण, ऊस आणि शहर यांच्या ओढाताणीत नदीच्या वाट्याचे काय होते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको.

आकडे कसे वाचावेत

१९३० च्या दशकातला अंदाज अडीच लाखांचा आहे, पण तो निव्वळ अंदाज आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या हवाई मोजण्या अधिक भरवशाच्या आहेत. तेव्हा संख्या ९० हजार ते एक लाखाच्या घरात होती. १९८० च्या दशकात ती ४०-५० हजारांवर आली, २००५ च्या सुमारास ४० हजारांच्या आत आणि २०१५ च्या सुमारास ३० हजारांच्या आत. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही उपजाती असुरक्षित गटात आहे.

या मोजण्यांत एक अडचण आहे. विमानातून ठरावीक रुंदीचे पट्टे मोजून ती संख्या सगळ्या क्षेत्राला लावतात. लेचवे मात्र विखुरलेला नसतो, कडेवर दाटीने असतो. पट्टा कळपावरून गेला तर आकडा फुगतो, बाजूने गेला तर पडतो. त्यामुळे दोन मोजण्यांतला पाच-सात हजारांचा फरक म्हणजे वाढ किंवा घट असे लगेच म्हणू नये. एकाच महिन्यातल्या आणि पाण्याच्या जवळपास सारख्या पातळीच्या मोजण्याच एकमेकींशी ताडाव्यात. पन्नास वर्षांचा उतार मात्र इतका मोठा आहे की त्याबद्दल शंका उरत नाही.

आणखी एक बदल आकड्यात दिसत नाही. पूर्वी मैदानभर असलेले कळप आता मुख्यतः दोन राष्ट्रीय उद्यानांत गोळा झाले आहेत: दक्षिण तीरावर लॉकिनव्हार, उत्तर तीरावर ब्लू लगून. सगळी जनावरे दोन जागी असली की एखादी साथ, एखादा वाईट उन्हाळा किंवा एखादे तण सगळ्यांना एकदम गाठते.

काटेरी लाजाळू

असे तण आलेही. मायमोसा पिग्रा हे आपल्या लाजाळूच्याच कुळातले, मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतले झुडूप. पान शिवले की मिटते, पण साम्य तिथेच संपते. हे तीन-चार मीटर उंच वाढते, खोडावर आणि पानांच्या देठावरही काटे असतात. लॉकिनव्हारमध्ये ते १९८० च्या सुमारास दोनेक हेक्टरवर होते. पंचवीस वर्षांत चुंगा तळ्याभोवतीचे अडीच-तीन हजार हेक्टर त्याने व्यापले. झाडोरा इतका दाट की खाली गवताची काडी उगवत नाही आणि लेचवेला, क्रौंचाला पाण्यापर्यंत वाट मिळत नाही. लॉकिनव्हारचे क्षेत्र ४०० चौरस किलोमीटरच्या थोडे वर आहे. त्यातले हे तीस चौरस किलोमीटर कुठलेही नव्हते, नेमके कडेवरचे होते, वर्षातल्या सर्वांत मोलाच्या चराईचे.

याची शेंग हातात घेतली की पसाऱ्याचे कारण कळते. चपटी, तपकिरी, बोटभर लांब, वर राठ लव. पिकली की ती उकलत नाही, आडवी तुटते. वीसेक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात एक बी. कडेची चौकट तेवढी झाडावर राहते. तुकडा लवेमुळे पाण्यावर तरंगतो, जनावराच्या अंगाला आणि माणसाच्या कपड्यांना चिकटतो. ओल्या उघड्या गाळात तो रुजतो आणि रोप वर्षाच्या आत फुलू शकते. पूर पूर्वीसारखा चढून रोपांना दीर्घकाळ बुडवत नाही, हे त्याच्या पथ्यावर पडते. धरणांनी त्याची जागा तयार केली, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

काढायचे कसे, यावर इथे बरेच प्रयोग झाले आहेत. २००५ ते २०१० च्या दरम्यान आफ्रिकेतल्या आक्रमक वनस्पतींवरच्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात हाताने तोडणे, तणनाशक आणि आग यांच्या चाचण्या झाल्या. २०१७ नंतर उद्यान विभाग, डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन यांनी आसपासच्या गावकऱ्यांना मजुरीवर घेऊन मोठ्या क्षेत्रातला झाडोरा हाताने काढला. त्यातून आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या दीर्घ अनुभवातून जे हाती लागते ते असे.

नुसते तोडून भागत नाही, बुंध्यातून फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी झुडूप आणखी पसरट होते. तोडायचे तर जमिनीलगत, आणि ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचे. कापलेला भाग सुकला की औषध आत जात नाही. पाण्यालगत फवारणी टाळलेली बरी, लावणे वेगळे आणि फवारणे वेगळे. गुडघ्याच्या आतली रोपे गाळ ओला असताना मुळासकट उपटायची. काम वरच्या प्रवाहाकडून खालच्या प्रवाहाकडे न्यायचे, नाहीतर साफ केलेल्या जागेत वरून बी वाहत येते. शेंगा पिकण्याआधी तोडायचे. पिकल्या असतील तर फांद्या ओढून दूर नेऊ नयेत, तिथेच ढीग करून वाळवून जाळाव्यात. उभ्या हिरव्या झाडोऱ्याला आग लावून उपयोग नाही. तो नीट जळत नाही आणि उष्णतेने जमिनीतल्या बियांची सुप्तावस्था मोडून रोपांची लाट येते. ती लाट उपटायला माणसे तयार असतील तर गोष्ट वेगळी. बूट, कुदळी, ट्रॅक्टरची चाके यांचा चिखल जागच्या जागी धुवायचा.

पैसा जिथे कमी पडतो ती जागा म्हणजे पाठपुरावा. पहिली तोड दिसते, तिचे फोटो निघतात, तिला देणगी मिळते. पण वाळूमिश्रित जमिनीत हे बी वीस वर्षांहून अधिक जगू शकते, चिकणमातीत त्यामानाने लवकर मरते. म्हणून अंदाजपत्रक पहिल्या तोडीचे न करता निदान पाच वर्षांच्या फेऱ्यांचे करावे, आणि दर फेरीत रोपे फुलण्याआधी पोचावे. एक फेरी चुकली तर मागचा सगळा खर्च पाण्यात. कडेपासून दूरच्या, थोड्या उंच भागांत सिगमकाटीसारखी काटेरी झुडपेही वाढत आहेत. पूर तिथे पोचेनासा झाल्याचे ते लक्षण आहे.

शिकार, गुरे आणि क्षयरोग

इला आणि टोंगा लोकांत ‘चिला’ नावाची सामूहिक शिकार होती. मुखियाच्या परवानगीने, ठरलेल्या वेळी, कुत्री आणि भाले घेऊन शेकडो लोक कळप घेरत. एकेका चिलात तीन हजारांपर्यंत लेचवे मारल्याच्या नोंदी आहेत. १९५० च्या दशकात तिच्यावर बंदी आली. इतक्या मोठ्या कत्तलीचे समर्थन आम्ही करत नाही. पण चिलाला वेळ होती, हद्द होती आणि ती मोडणाऱ्याला जाब विचारणारा होता. बंदीनंतर लेचवे सरकारचा झाला आणि गावाचा त्याच्याशी संबंध उरला तो चोरून मारण्यापुरता. आज मांस लुसाकाच्या बाजारात जाते, ब्लू लगूनपासून राजधानी शंभरेक किलोमीटरवर आहे. गस्त हवीच. पण शिकार-व्यवस्थापन क्षेत्रातल्या (जिथे परवाना घेऊन शिकार करता येते) परवान्यांच्या उत्पन्नातला वाटा गावापर्यंत खरोखर पोचला नाही, तर गस्तीला माहिती देणार कोण?

गुरांचा प्रश्न नाजूक आहे. टोंगा आणि इला पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गुरे मैदानात उतरवतात, त्यांचीही गरज तीच ओली कड आहे. कड आक्रसली तशी गुरे आणि लेचवे एकाच चराईवर आले. लेचवेंमध्ये गुरांचा क्षयरोग आहे. तपासलेल्या जनावरांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक बाधित आढळली आहेत. तो आता दोन्हींकडे फिरतो, लेचवेकडून गुरांकडे आणि गुरांकडून लेचवेकडे. कुपोषित जनावर रोगाला लवकर बळी पडते, म्हणून रोगाची गोष्टही फिरून गवताशी येते. कुंपण घालून वेगळे करणे पूरमैदानात व्यवहार्य नाही. गुरांच्या तळांच्या जागा उद्यानापासून लांब ठरवणे, मेलेले जनावर उघड्यावर न टाकणे, दूध उकळून पिणे आणि कच्चे मांस हाताळणाऱ्यांना रोगाची माहिती देणे एवढे करता येते, आणि तेवढे करावेच.

तुलनेसाठी बांगवेउलू

शिकार हेच मूळ कारण असते तर दोन्हीकडे सारखे चित्र दिसले असते. झांबियाच्या ईशान्येला बांगवेउलू पाणथळीत काळा लेचवे राहतो. तिथेही शिकार होती, मासेमार होते, दारिद्र्य होते. मोठे धरण नव्हते. २००८ पासून आफ्रिकन पार्क्स ही संस्था स्थानिक जमातींच्या भागीदारीत तिथे व्यवस्थापन पाहते. गस्त वाढली आणि सुमारे ३५ हजार असलेले कळप वाढले. पूर शाबूत असेल तर शिकार आवरल्याबरोबर लेचवे सावरतो. काफुएवर गस्तीची बरी वर्षे आली, तरी तसे झाले नाही.

म्हणून इथला पहिला उपाय धरणाच्या दारांवर आहे. डिसेंबरपासून सावकाश चढ, मार्च-एप्रिलमध्ये कळस, मे ते ऑक्टोबर सावकाश उतार, आणि जुलै ते ऑक्टोबरच्या काळात अचानक मोठा विसर्ग नाही. कोरड्या वर्षी कळस लहान ठेवावा, पण आकार सोडू नये. लहान पूर लेचवेला चालतो, अवेळी पूर चालत नाही. २०२४ च्या दुष्काळात झांबियाला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली आणि घराघरांत दिवसाचे बहुतेक तास वीज नव्हती. अशा वर्षी पर्यावरणाचा विसर्ग सर्वांत आधी कापला जातो. तो किती कापायचा आणि पुढच्या वर्षी कसा भरून काढायचा, हे आधी, चांगल्या पावसाच्या वर्षी लिहून ठेवावे लागते, कारण अंधारात बसलेल्या शहरासमोर कुरंगाची बाजू कोणी ऐकत नाही.

मोजमापही बदलायला हवे. आज हिशोब धरणाच्या दाराशी होतो, किती घनमीटर सोडले एवढाच. लेचवेला घनमीटर कळत नाहीत. लॉकिनव्हार आणि ब्लू लगूनपाशी पातळीमापक पट्ट्या बसवून दर आठवड्याला नोंद घ्यावी. उपग्रह चित्रांवरून पाण्याची कड महिन्यातून दोनदा नकाशावर काढावी आणि जुलै ते ऑक्टोबर किती हेक्टर ओली जमीन नव्याने उघडी पडली, त्याचा वार्षिक आकडा काढावा. तो आकडा वीज कंपनीच्या वार्षिक बैठकीत मेगावॉटच्या शेजारी मांडला गेला पाहिजे, आणि तिथे उद्यान विभागाबरोबर मुखिया, मासेमार आणि ऊसमळ्याचे लोकही बसलेले असले पाहिजेत.